वासरांत लंगडी गाय? १९२२ चा पहिला कोप्पा इटालिया आणि वाडोचं प्रकरण

कोप्पा इटालिया, म्हणजे इटलीच्या फुटबॉल कपच्या विजेत्यांची यादी उघडली की युव्हेंटस, रोमा, इंटर, मिलान, लाझिओ, नापोली अशी सगळी ओळखीची नावं दिसतात, आणि यादीच्या एकदम वर, पहिल्याच ओळीत, वाडो. वर्ष १९२२. बहुतेक लोक तिथे थांबत नाहीत, आणि जे थांबतात त्यातले निम्मे म्हणतात ही कोणती टीम आणि उरलेले म्हणतात अरे त्या वर्षी मोठे क्लब खेळलेच नव्हते, म्हणजे वासरांत लंगडी गाय शहाणी, सोडून द्या. हे "सोडून द्या" मला कधीच पटलं नाही म्हणून हे प्रकरण नीट मांडतोय, कारण मोठे क्लब का नव्हते, ते नसताना नेमकं काय झालं आणि ते परत आल्यावर त्या कपचं काय झालं हे तिन्ही एकत्र बघितल्याशिवाय वाडोच्या कपचं वजन कळतच नाही.

आधी भांडण समजून घेऊ, कारण सगळं तिथून सुरू होतं. १९२१ साली इटलीत आजच्यासारखी एकच राष्ट्रीय लीग नव्हती, सेरी ए एकाच टेबलची झाली ती १९२९-३० पासून. त्याआधी विभागवार गट असायचे, त्यातून वर येत येत शेवटी चॅम्पियन ठरायचा. पहिल्या महायुद्धानंतर क्लब इतके वाढले की १९२०-२१ च्या सीझनला वरच्या वर्गातच ८८ टीम होत्या, म्हणजे जेनोआ, प्रो वेर्चेल्लीसारखे नावाजलेले क्लब आणि कालपरवा सुरू झालेले गल्लीतले क्लब एकाच वर्गात. मोठ्यांना हे जड जात होतं, एकतर्फी मॅचेस, तिकीट काढून येणारं पब्लिक कमी, प्रवासाचा खर्च आहेच. मग वित्तोरियो पोझ्झो, हो तोच जो पुढे कोच म्हणून १९३४ आणि १९३८ असे लागोपाठ दोन वर्ल्ड कप जिंकला, त्याने एक आराखडा तयार केला की वरच्या वर्गात फक्त २४ टीम ठेवायच्या आणि बाकीच्यांना खालच्या पायरीवर पाठवायचं.

आता इटलीच्या फुटबॉल फेडरेशनच्या सभेत हे मंजूर कोण करणार? तिथे संख्या लहान क्लबांची जास्त, आणि स्वतःच्या हाताने स्वतःला खाली ढकलायला कोण हात वर करेल. आराखडा पडला. मोठे क्लब उठले आणि बाहेर पडले, स्वतःची वेगळी संघटना काढली, तिची वेगळी लीग काढली, आणि त्यात युव्हेंटस, तोरिनो, मिलान, इंटर, जेनोआ, बोलोन्या, प्रो वेर्चेल्ली सगळे गेले. त्यामुळे १९२१-२२ ला इटलीत दोन चॅम्पियन झाले, बाहेर पडलेल्यांच्या लीगचा प्रो वेर्चेल्ली आणि जुन्या फेडरेशनचा नोवेझे. नोवेझेने फायनलमध्ये साम्पिएरदारेनेझेला हरवलं पण त्याला तीन मॅच लागल्या, पहिल्या दोन ०-० सुटल्या आणि तिसरी २-१. हे दोन्ही किताब आजही अधिकृत धरले जातात. हा मुद्दा लक्षात ठेवा, नोवेझेच्या किताबाला अधिकृत मानायला कोणाला अडचण नाही, मग त्याच फेडरेशनचा, त्याच सीझनचा कप तेवढा हलका कसा?

मोठे गेल्यावर फेडरेशनकडे उरले लहान क्लब आणि रिकामं कॅलेंडर. वसंत ऋतूत मैदानं मोकळी, खेळाडू रिकामे, आणि लोकांना दाखवायला काहीतरी हवं की आम्ही अजून जिवंत आहोत. त्यातून इंग्लंडच्या एफए कपसारखी नॉकआउट स्पर्धा भरवायचं ठरलं, हरला तो घरी. वरच्या वर्गातल्याही टीम आणि त्याखालच्या प्रोमोत्सिओने नावाच्या वर्गातल्याही टीम, सगळ्यांना दार उघडं. एप्रिल ते जुलै १९२२ एवढ्या काळात सगळं उरकलं. म्हणजे इटलीच्या सगळ्यात मोठ्या नॉकआउट कपचा जन्म एका भांडणातून उरलेल्या रिकाम्या तारखांमध्ये झाला, फार मोठा विचार करून, समारंभ करून वगैरे झाला नाही.

वाडो लिगुरे हे गाव सावोनाच्या शेजारी, लिगुरियाच्या किनाऱ्यावर. एका बाजूला समुद्र, मागे लगेच डोंगर, आणि मधल्या पट्टीत बंदर, कोळसा आणि रेल्वे इंजिनं बनवणारा कारखाना. कामगारांचं गाव. क्लब १९१३ चा, रंग लाल-निळा, आणि खेळत होते ते प्रोमोत्सिओनेत, म्हणजे वरच्या वर्गातही नाही. त्या टीमची नावं वाचली तर बाब्बोनी हे आडनाव तीनदा येतं. मला हे फार आवडतं. गावच्या टीममध्ये एकाच आडनावाचे तिघं असणं म्हणजे काय हे गावात खेळलेल्या कुठल्याही माणसाला वेगळं सांगायला नको, पास कुणाला द्यायचा हे तिथे बघावं लागत नाही.

आणि डाव्या पायाचा एक पोरगा, वीर्जिलिओ फेलिचे लेवराट्टो. जन्म २६ ऑक्टोबर १९०४, कार्कारे गावचा, म्हणजे फायनलच्या दिवशी अठरा पण पूर्ण नव्हते.

सुरुवातीच्या फेऱ्यांबद्दल फार लिहित नाही. फिओरेन्ते नावाच्या जेनोआच्या टीमशी ४-३ अशी अटीतटीची झाली, मोलासानाला ५-१ ने सहज हरवलं. पुढे प्रो लिव्होर्नो आली तिला १-० आणि सेमीफायनलला फ्लॉरेन्सची लिबेर्तास फिरेन्झे, तिलाही १-०. आता हे आकडे ओळीने बघा, चार, पाच आणि मग एक, एक. समोरची टीम तगडी होत गेली तसे गोल आटले पण निकाल बदलला नाही. एक गोल काढायचा आणि तो सांभाळायचा, ही सवय टीमला फायनलच्या आधीच लागली होती.

या लिबेर्तास फिरेन्झेवर थोडं थांबायला हवं, कारण "वासरं" या आरोपाचं उत्तर मला इथे सापडतं. बाहेर पडलेल्यांच्या लीगमध्ये त्या वर्षी इंटर आपल्या गटात शेवटून पहिलं आलं होतं. हो, इंटर. १९२२ च्या जूनमध्ये दोन्ही संघटनांचा समेट झाला, गाझेत्ता देल्लो स्पोर्टचे संपादक एमिलिओ कोलोंबो यांनी मध्यस्थी केली म्हणून त्याला कोलोंबो तडजोड म्हणतात, आणि त्यात ठरलं की पुढच्या सीझनला वरच्या वर्गात ३६ टीम, बारा-बाराचे तीन गट, आणि काठावरच्या टीमनी जागेसाठी पात्रता मॅच खेळायच्या. काठावरचं इंटर त्यात कोणाशी खेळलं तर याच लिबेर्तास फिरेन्झेशी. आपल्या मिलान शहरात इंटर आरामात जिंकलं, पण फ्लॉरेन्सला १-१ बरोबरी. म्हणजे वाडोने ज्या टीमला सेमीफायनलला हरवलं तिने त्याच वर्षी इंटरला आपल्या घरी जिंकू दिलं नाही. ही वासरं अगदीच काल जन्मलेली नव्हती. आणि पुढे १९२६ साली याच लिबेर्तासचं आणि क्लुब स्पोर्तिव्हो फिरेन्झेचं एकत्रीकरण होऊन फ्लॉरेन्सचा आजचा क्लब फिओरेंतिना झाला, तेव्हा फिओरेंतिनाच्या आईबापांपैकी एकाला वाडोने हरवलंय असं म्हटलं तरी चालेल.

फायनल १६ जुलै १९२२, वाडोतच, कांपो दि लेओ मैदानावर. समोर उदिनेझे.

उदिनेझे म्हणजे उदिने शहराचा क्लब, देशाच्या ईशान्य टोकाला, फ्रिउली भागात. हे शहर युद्धात आधी इटालियन सैन्याच्या मुख्यालयाचं ठिकाण होतं आणि कापोरेत्तोच्या पराभवानंतर १९१७ पासून वर्षभर शत्रूच्या ताब्यात गेलेलं, तिथून फक्त चार वर्षांनी त्यांची टीम कपची फायनल खेळायला देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला येते. त्या काळात रेल्वेने हा प्रवास म्हणजे अंग आंबून जायचं काम. फायनल एकच, तीही एका टीमच्या गावात. आजच्या हिशोबाने हा सरळ अन्याय वाटेल आणि मी तो नाकारत नाही, वाडोच्या विजयातून काही वजा करायचंच असेल तर माझ्या मते मोठ्या क्लबांची गैरहजेरी वजा करण्याआधी हे घरचं मैदान वजा करा, हा जास्त खरा आक्षेप आहे. पण घरचं मैदान असूनही नव्वद मिनिटांत वाडोला गोल करता आला नाही. ०-०.

हे ०-० समजायला त्या वेळचा खेळ डोळ्यासमोर आणावा लागतो. बदली खेळाडू नाही, अकराचे अकरा शेवटपर्यंत, कोणाला लागलं तर लंगडत खेळा नाहीतर बाहेर बसा आणि टीम दहावर. चेंडू चामड्याचा, वरून वादीने बांधलेला, घामाने-पाण्याने जड होणारा. आणि ऑफसाइडचा नियम जुना, म्हणजे चेंडू पुढे दिला त्या क्षणी तुमच्या आणि गोलरेषेच्या मध्ये समोरच्यांचे गोलकीपर धरून तीन खेळाडू हवेत, दोनचा नियम १९२५ ला आला. याचा अर्थ हुशार बॅक जरा पुढे सरकला की तुमची अख्खी फॉरवर्ड लाइन अडकली. अशा खेळात पासिंग करत आत घुसणं कठीण, त्यामुळे ज्याच्या पायात लांबून मारायची ताकद आहे त्याची किंमत दुप्पट. जुलै महिना, समुद्रकाठचा उकाडा, पाय जड झालेले, जादा वेळ सुरू, डोकं चालेनासं झालेलं, आणि एका टीमकडे असा पोरगा आहे ज्याला आत घुसायची गरजच नाही.

लेवराट्टोने डाव्या पायाने मारला आणि चेंडू जाळीत गेला असं लिहून थांबता येत नाही, कारण चेंडू जाळीत थांबला नाही. जाळी फाडून पलीकडे गेला. गोष्ट अशीच सांगितली जाते आणि तिथूनच त्याला आयुष्यभराचं नाव पडलं, स्फोंदारेती, म्हणजे जाळी फोडणारा. मिनिट कोणतं यावर नोंदी वेगवेगळ्या आहेत, कुठे ११८ वं, कुठे १२७ वं, पण स्कोअर सगळीकडे तोच, १-०. फाटलेली जाळी किती खरी आणि किती नंतर वाढलेली यावर वाद घालता येईल, त्या काळच्या दोरीच्या जाळ्या आधीच उन्हापावसाने कुजलेल्या असू शकतात हेही खरं, पण एक गोष्ट सांगतो, गोष्टी वाढतात त्यालाही मुळात काहीतरी लागतं, आणि त्याच्या पायाबद्दलच्या गोष्टी फक्त वाडोपुरत्या राहिल्या नाहीत.

त्याचं पुढचं आयुष्य बघा. वाडोत असतानाच, म्हणजे खालच्या वर्गातल्या क्लबचा खेळाडू असतानाच, त्याला राष्ट्रीय संघात घेतलं आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला तो इटलीकडून गेला. तिथे लक्झेंबर्गविरुद्धच्या मॅचचा किस्सा प्रसिद्ध आहे, त्याचा एक शॉट गोलकीपरच्या तोंडावर बसला आणि तो बिचारा जखमी झाला, मग थोड्या वेळाने लेवराट्टो परत मोकळा समोर आला, मारायला पाय उचलला, तर गोलकीपरने दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. तिथून वेरोना, मग जेनोआ, मग आंब्रोझियाना म्हणजे मुसोलिनीच्या राजवटीतलं इंटरचं नाव, मग लाझिओ. इटलीसाठी २८ मॅच, ११ गोल. १९२८ च्या आम्स्टरडॅम ऑलिंपिकला ब्राँझ मेडल, आणि त्या स्पर्धेच्या सेमीफायनलला उरुग्वेविरुद्ध, म्हणजे त्या वेळच्या जगातल्या सगळ्यात भारी टीमविरुद्ध, इटली ३-२ हरली त्यात इटलीच्या दोन गोलांपैकी एक याचा.

तर वासरांत लंगडी गाय असं म्हणणाऱ्यांना माझं म्हणणं एवढंच आहे की १९२२ च्या कपचा निकाल ज्या पायाने लावला तो पाय पुढे दहा-बारा वर्षं मोठ्यांच्या मैदानावर चालला, आणि चांगला चालला. मोठे क्लब असते तर वाडो जिंकलं असतं का? बहुतेक नाही, आणि मी ते म्हणतही नाहीये. पण प्रश्न तसा विचारणंच मला चुकीचं वाटतं. मोठ्यांना कोणी हाकललं नव्हतं, ते स्वतः उठून गेले, स्वतःची लीग खेळले आणि आपला चॅम्पियन काढून मोकळे झाले. जे मागे राहिले त्यांनी दार लावून घेतलं नाही, उलट एक नवीन स्पर्धा उभी केली आणि ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत पार पाडली. स्पर्धा पार पाडणं यावर मी जोर देतोय कारण पुढे काय झालं ते ऐका.

मोठे परत आले. १९२२-२३ पासून सगळे पुन्हा एका छपराखाली. आता कप अजून जोरात व्हायला हवा होता ना? कप बंद पडला. काही वर्षं कोणी नावच काढलं नाही, मग १९२६-२७ ला पुन्हा घाट घातला, भरपूर क्लब आले, मोठेही आले, आणि स्पर्धा मध्येच सोडून दिली कारण लीगच्या गर्दीत मॅचेसना तारखाच मिळेनात. विजेता नाही, फायनल नाही. त्यानंतर थेट १९३५-३६, त्या वर्षी तोरिनोने फायनलला आलेस्सान्द्रियाला ५-१ हरवून दुसरा कप घेतला. पहिल्या आणि दुसऱ्या विजेत्यात चौदा वर्षांचं अंतर आहे. सगळे मोठे हजर असताना जी स्पर्धा नऊ महिन्यांच्या सीझनमध्ये पूर्ण होईना ती लहान क्लबांनी एप्रिल ते जुलै एवढ्यात पूर्ण करून दाखवली होती, आणि याचं साधं कारण असं की त्यांच्यासाठी हा कप म्हणजे कॅलेंडरमधली अडचण नव्हती, त्या वर्षी त्यांच्याकडे असलेली सगळ्यात मोठी गोष्ट होती. आजही कुठल्याही देशात कपच्या सुरुवातीच्या फेऱ्यांना मोठे क्लब राखीव खेळाडू उतरवतात आणि समोरच्या लहान क्लबचं अख्खं गाव स्टँडमध्ये असतं. तेव्हाही हाच फरक होता, फक्त जास्त उघडा.

एक जोडून सांगतो, वाडोनंतर वरच्या वर्गाबाहेरच्या टीमने हा कप परत जिंकला तो एकदाच, १९६१-६२ ला नापोलीने, सेरी बी म्हणजे दुसऱ्या वर्गात असताना, रोममध्ये स्पालला २-१ हरवून. पण नापोली हे मोठ्या शहराचं मोठं नाव, वाईट काळातून जात होतं एवढंच. गावच्या टीमचं उदाहरण शंभर वर्षांत एकच राहिलं. आणि हरलेल्या उदिनेझेचंही बघा, ते पुढे सेरी एमध्ये वर्षानुवर्षं खेळले, ब्राझीलच्या झिकोसारखा खेळाडू त्यांच्याकडे खेळून गेला, युरोपात खेळले, पण कोप्पा इटालियाची फायनल म्हणाल तर आजपर्यंत तीच एक, कांपो दि लेओवरची. त्या दिवशी उदिनेहून आलेल्या अकरा जणांना असं वाटलं असेल का की आपल्या क्लबची हीच पहिली आणि इतकी वर्षं हीच शेवटची संधी, मला हा विचार वाडोच्या आनंदाइतकाच लागतो.

आता त्या कपचं, म्हणजे त्या चांदीच्या वस्तूचं काय झालं. फायनलनंतर तीनच महिन्यांनी, ऑक्टोबर १९२२ मध्ये, मुसोलिनीची माणसं रोमवर चालून गेली आणि सत्ता बदलली. पुढे १९३५ ला इथिओपियावरचं युद्ध सुरू झालं, इटलीवर आर्थिक निर्बंध आले, आणि सरकारने मोहीम काढली की सोनं-चांदी देशासाठी द्या. बायकांनी लग्नाच्या अंगठ्या दिल्या आणि बदल्यात लोखंडाच्या घेतल्या. वाडोने आपला कप दिला. वितळवला गेला. कोणत्या मनाने दिला असेल ते आपण बाहेरून ठरवू नये, त्या राजवटीत "नाही" म्हणणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको, पण गावाकडे दाखवायला जी एकच चीज होती ती अशी गेली, आणि योगायोग असा की साधारण त्याच सुमाराला, १९३५-३६ ला, कप पुन्हा सुरू होत होता. म्हणजे स्पर्धा परत जन्माला येत होती आणि तिची पहिली ट्रॉफी भट्टीत.

वाडो नंतरचं सगळं आयुष्य बहुतेक खालच्या वर्गांमध्येच खेळत राहिलं. फेडरेशनने त्यांना त्या कपची प्रतिकृती दिली ती १९९२ ला, फायनलला बरोबर सत्तर वर्षं झाल्यावर. लेवराट्टो १९६८ मध्येच जेनोआत गेला होता.